माइकवरची आई

माझा भाऊ माइकवर ‘आई’ म्हणाला की मला मळमळतं. अंगावर काटा वगैरे नाही, सरळ मळमळतं, शिळ्या मासळीचा वास नाकात गेल्यावर होतं तसं. गळ्यात हार, खांद्यावर पांढराशुभ्र दुपट्टा, आवाज जरासा कापरा करायचा आणि मग म्हणायचं, “माह्या मायनं मले शिकवलं, पहिले दुसऱ्याचं पोट, मंग आपलं. ज्याले घर सांभाळता येत नाही त्यानं गावाचं नाव काढू नये.” टाळ्या. पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावतात. मी मागे खांबाला टेकून उभी असते आणि मनात म्हणते, वा रे नाटक्या! तुला तर नाटक मंडळीनंच न्यायला पाहिजे होतं.

हा माझ्याहून धाकटा. गावच्या मासेमारी संस्थेचा अध्यक्ष. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेपासून फार लांब नाही, पण आमचं पोट नदीवर नाही, तलावावर. धानाची शेती दुसऱ्यांची, तलावातली मासळी आमची, अशी जुनी वाटणी. मी लग्न होऊन वरठीला आले. नवरा कारखान्यात, मी शाळेत. माहेर मोटरसायकलवर जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ, त्यामुळे ते कधी सुटलंच नाही. सुटलं असतं तर बरं झालं असतं, असं यंदा मला बरेचदा वाटलं.

आमच्याकडे वाटे कसे पडतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संस्थेचं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं. विकायची मासळी व्यापाऱ्याच्या गाडीत जाते. खायची म्हणून जी ठेवतात तिचे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढीग घालतात, जितकी घरं तितके ढीग. हे ढीग एकच माणूस घालतो. इथं एक रोहू, तिथं दोन लहान पण वर ओंजळभर झिंगे, असं करत करत तो सारखं करत नेतो. बाकीचे गप उभे असतात. मग एकेक घर येऊन आपल्याला हवा तो ढीग उचलतं, आणि ढीग घालणारा सगळ्यात शेवटी, जो उरेल तो. म्हणजे त्यानं कुठं हात आखडता घेतला तर तो त्याच्याच अंगावर येणार. या एका रिवाजावर आमच्या गावात मासळीवरून कधी भांडण झालं नाही. वजनकाटा तलावावर कोणी नेतच नाही.

माझे बाबा वर्षानुवर्षं हे वाटे घालत. ते गेल्यावर काही वर्षांनी भाऊ घालायला लागला. चांगले घालतो, खोटं कशाला बोलू? हात बाबांचाच आहे. लोक कौतुकानं म्हणतात, बापावर गेला.

बापावर गेला! हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. बाबांना यांनी फक्त पाळीवर पाहिलं. मी त्यांना चुलीपुढं पाहिलं आहे. रस्सा झाला की आईच्या हातातली पळी ते घ्यायचे. आमच्यातले पुरुष पळीला हात लावत नसत, शेजारपाजारचे हसायचे, पण बाबा घ्यायचे. पहिलं ताट आजीचं, तिला काटे दिसत नाहीत म्हणून तिचा तुकडा ते स्वतः बोटांनी चाचपून द्यायचे. मग आमची ताटं, मग आईचं. शेवटी त्यांचं. कधी त्यात नुसता रस्सा असायचा. त्यावर ते काही बोलायचे नाहीत आणि आम्हालाही त्यात काही विशेष वाटायचं नाही. सगळ्यांचे बाप असंच करतात अशी माझी समजूत होती. लग्न झाल्यावर सासरच्या पंगतीत बसले तेव्हा डोळे उघडले.

बाबा गेले आणि पळी आईकडे आली. आईनं पहिल्याच आठवड्यात सगळं उलटं केलं. मधला तुकडा पोराला, पोटातली गाबोळी पोराला, उरलं तर बाकीच्यांना. मी काही बोलले तर म्हणायची, “बिनबापाचं लेकरू हाय वो.” अगं बाई, मग मी काय दोन बापांची होते? पण माझ्या ताटात कोणी मधला तुकडा टाकला नाही. मला त्या तुकड्याचं दुःख नाही. मला किळस येते ती त्यातून जे तयार झालं त्याची.

तयार काय झालं? बाहेर अर्धा बाप, घरात पूर्ण राजा. तलावावरून शेवटचा वाटा हातात घेऊन हा यायचा, मागून लोक ‘भाऊ, भाऊ’ करत, आणि अंगणात चप्पल काढली की त्याचा सगळा न्याय तिथंच चपलेशेजारी राहायचा. पाटावर बसायचा. भावजय पाणी द्यायची, आई वारा घालायची. रश्श्याच्या गंजात, पातेल्यात, पळी फिरवून चांगलं चांगलं आपल्या ताटात. शेजारी म्हातारी आई बसली आहे, दिवसभर काम केलेली बायको उभी आहे, याचं काही नाही. तोंडानं चालूच, आज मी अमक्याच्या घरचा तंटा कसा मिटवला. वर ढेकर. मी एकदा म्हटलं, “अरे, मायच्या ताटात काय हाय ते त पाहा.” तर तो खरंच पाहायला वाकला आणि म्हणाला, “रस्सा हाय ना.” त्याला त्यात काही चुकलंय हे कळलंच नाही. मला त्या दिवशी त्याच्यासमोर बसून घास गिळवेना.

आईची नजर उतरायला लागली ती याच काळात. आधी भातात खडे यायला लागले. मग चहा कपाच्या बाहेर. मग तिनं कुंकू भुवईवर लावलं आणि दिवसभर तसंच फिरली. उजव्या बुबुळात दुधाचा थेंब पडावा तसं पांढरं दिसायला लागलं, डावा डोळा जरा बरा होता. मोतीबिंदू. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. काढला की दिसतं, हे आता आमच्या गावातल्या शेळ्या राखणाऱ्या बाईलाही माहीत आहे.

आणि माहीत कुणामुळे? माझ्या भावामुळेच! त्यानंच गावात डोळ्यांचं शिबिर सुरू केलं. दवाखान्याची गाडी यायची, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायची, ऑपरेशन करून परत आणून सोडायची. फुकट. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. काळे चष्मे लावून ओळीनं बसलेली म्हातारी माणसं आणि मधे हा, असे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले.

पहिल्या शिबिराला शाळेला सुट्टी होती म्हणून मी गेले. आई सकाळपासून तयार. धुतलेलं पातळ, पिशवीत टॉवेल, प्यायचा पेला, अंगावर घ्यायला शाल. गाडीत खिडकीजवळ तिला बसवलं होतं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, म्हणजे तोंड तिकडे करून बसली होती. मला म्हणाली, “आता मले सुईत दोरा टाकता येईन.” गाडी भरली. निघणार तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाची एक म्हातारी नातवाचा हात धरून धापा टाकत आली. जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या वेळी पाहू.

भाऊ गाडीत चढला. आईचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माय, उतर. वाटे घालणाऱ्याचा वाटा शेवटी.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ, टाळ्या! आई उतरली. पायरी दिसली नाही म्हणून मी धरलं तिला. ती हसत होती. पोराचं कौतुक होतंय म्हणून हसत होती, आणि पिशवी छातीशी गच्च धरली होती. कोणीतरी फोटो काढला. तो फोटो नंतर त्याच्या प्रत्येक बॅनरवर आला.

मी त्याला तिथंच, गाडीच्या मागं गाठलं. “लाज नाही वाटत तुले? वाटे घालून राहिला तू. शेवटी तू उचल ना. मायचा डोळा काहून वाटून राहिला?”

“ताई, हळू बोल. लोकं पाहून राहिले.”

“पाहू दे! बाबांनी आजीच्या ताटातला तुकडा उचलून गावाले देल्ला होता का कधी?”

तो हसला. “तुले राजकारण नाही समजत ताई. पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर मायच.”

पुढच्या वर्षी काय झालं असेल? आई गाडीपर्यंत गेलीच नाही. दारात उभी राहिली, घरच्याच पातळात. कोणी तिला विचारलंही नाही, कारण तोपर्यंत गावानं ठरवूनच टाकलं होतं की अध्यक्षाची माय शेवटी. बाया अभिमानानं सांगत, त्या नाही जात, त्यांचा पोरगा पहिले गावाले पाहाते. पाळीवरचा एवढा शहाणा रिवाज, पण त्यातला माणूसच बदलला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सोसायचं होतं वाटे घालणाऱ्यानं, सोसत होती त्याची म्हातारी आई, आणि न्याय झाला म्हणून गाव खूश. असला मूर्खपणा माझ्याच गावात व्हावा, तोही इतक्या चांगल्या रिवाजातून, याचा मला आजही संताप येतो.

मीच नेते म्हटलं तर आई ऐकेना. “तू नेशीन त लोकं काय म्हणतीन? अध्यक्षाच्या मायले पोरगी घेऊन गेली. त्याची इज्जत जाईन ना वो.” एकदा मी ऑटो दारात आणून उभा केला, तर ही मागच्या दारानं शेजारणीकडे जाऊन बसली आणि शेजारीण मला तोंडावर सांगते, इथं नाही आल्या. पडद्याखालून आईचे पाय दिसत होते. हसू यावं की रडू, कळेना. मी ऑटोवाल्याला परत पाठवलं आणि त्या दोघींशी इतकी भांडले की गल्ली गोळा झाली.

यंदा निवडणुकीचं वारं आलं. पंचायत समितीला भावाचं नाव चालू लागलं. रोज सभा, रोज हार, आणि रोज ते आईचं पुराण. आता तर त्यात नवीन भर होती, माझ्या मायनं गावासाठी डोळे दिले. मायनं दिले म्हणे!

एका दुपारी भावजयीचा फोन आला. शाळेतच होते. “ताई, या ना लवकर. माय कालपासून उलट्या करून राहिल्या. डोळा लालभडक झाला. डोकं धरून बसल्या, बोलत नाहीत.”

“आणि तो कुठं हाय?”

“ते म्हणे पित्त असन. सोडा पाजा म्हणे. सभेले गेले.”

मी पोचले तेव्हा आई भिंतीला कपाळ टेकून बसली होती. उजवा डोळा सुजून लाल झाला होता. माझा आवाज ऐकून तिनं हात पुढं केला, पण वेगळ्याच दिशेला. या वेळी ती शेजारणीकडे पळाली नाही. भावजय आणि मी, दोघींनी तिला ऑटोत घातलं आणि कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्याला नेलं. वाटेत तिनं दोनदा ओकारी काढली. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि रस्त्यात जागोजागी माझ्या भावाचे फोटो लागलेले. हात जोडलेले.

डॉक्टरीण तरुण होती. बॅटरीनं पाहिलं, कसलंसं यंत्र लावलं, पुन्हा पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “मोतीबिंदू पिकून फुगलाय. त्यानं डोळ्यात दाब वाढला, आतली नस गेली. या डोळ्याला आता दिसणार नाही. आम्ही दुखणं थांबवू, नजर नाही आणू शकत.” आणि विचारलं, “इतके दिवस का थांबलात? तुमच्या भागात तर दरवर्षी शिबिर होतं ना?”

काय सांगणार तिला? मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

“दुसऱ्या डोळ्यातही पिकत आलाय,” ती म्हणाली. “तो वाचेल. पण आता उशीर करू नका.”

आईला सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “भाऊले आताच नको सांगू. त्याची सभा हाय.” मला त्या क्षणी तिचीसुद्धा किळस आली. हो, आली. स्वतःच्या आईची. डोळा गेला तरी हिला त्याची सभा दिसत होती.

मी व्हरांड्यात जाऊन त्याला फोन लावला. मागे भोंग्यावर गाणी वाजत होती. मी ओरडून सांगितलं, “मायचा उजवा डोळा गेला. ऐकून राहिला का? उजवा गेला. डावा कापाचा हाय.”

“हो हो ताई,” तो म्हणाला. “तू पाहून घे. काही लागलं त सांग. मी येतोच उद्या.”

उद्या आला नाही. परवाही नाही. दुखणं थांबलं, मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही नाही. भावजय मात्र रोज आली, एसटीनं, डबा घेऊन. दवाखान्यातून मी आईला गावी नेलं नाही, सरळ वरठीला माझ्या घरी आणलं. शाळेत रजा टाकली.

पट्टी निघाल्यावर आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुहे केस पांढरे झाले वो. कधी झाले?” मी म्हटलं, झाले असतील केव्हातरी. मग ती घरभर फिरली. कॅलेंडर पाहिलं, नातीचे कपडे पाहिले, गॅसची निळी ज्योत वाकून पाहिली. उजवीकडची वस्तू बघायला सगळी मान वळवायची, दाराची चौकट त्या बाजूला खांद्याला लागायची. तरी खूश होती. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आला. एकटा कसला येतो? बरोबर गावचे तिघे. त्यातले दोघे जुने, संस्थेतले, ज्यांच्या शब्दावर त्याची उमेदवारी अडली होती, आणि एक मोबाइल घेऊन फिरणारा. केळी, सफरचंदं, नारळपाणी. भाऊ दारातूनच “माय!” म्हणून आला, पायावर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ ठेवलं, मोबाइल नीट धरला जाईपर्यंत. मी चहा ठेवला नाही. नवरा माझ्याकडे पाहत राहिला, तरी ठेवला नाही.

जुने दोघे आईशी चांगलं बोलले. कसं काय वाटते वहिनी, दिसते का आता. आई म्हणाली, “दिसते जी. तुमी दोघंही लय म्हातारे दिसून राहिले.” सगळे हसले. त्यातला एक माझ्या बाबांबरोबर जाळं ओढलेला. तो भावाकडे पाहून म्हणाला, “पोरानं असंच मायचं करावं. घरातून चालू होते सारं.” भावानं मान खाली घातली, नम्रपणे.

औषधाची वेळ झाली होती. थेंबांची बाटली मी खिडकीतून काढून हातात घेतली, तर मोबाइलवाला म्हणाला, “थांबा ना ताई. भाऊ टाकतीन. एक फोटू घेतो, मायच्या डोळ्यात औषध टाकून राहिले असा.”

मी बाटली दिली. का दिली, तर मला पाहायचंच होतं. भाऊ आईजवळ खाटेवर बसला. तिचा काळा चष्मा काढला. तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, अगदी सराईत, जणू रोज करतो. बाटलीचं झाकण काढलं. मोबाइल पुढं आला. आणि त्याचा हात हवेतच थांबला. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला,

“ताई, कोणत्या डोळ्यात?”

इतकी वर्षं तोंडात साठवलेलं सगळं तेव्हा बोलून टाकायला पाहिजे होतं मी.

बोलली आई. तिनं मान पूर्ण वळवली, त्याला नीट पाहता यावं म्हणून. “उजवा त गेला ना बाबू. तुले ताईनं नाही सांगतलं का?”

“सांगतलं होतं,” मी म्हणाले. “तो हो हो म्हणला.”

बाबांबरोबरचा तो म्हातारा भावाकडे पाहत राहिला. दुसऱ्यानं फळांच्या पिशवीकडे नजर वळवली. मोबाइल खाली गेला. भावाचं तोंड लाल झालं. मोबाइलवालाच मग सावरायला गेला, “होते असं, धावपळीत. टाका भाऊ, डाव्यात टाका.”

भावानं बाटली डाव्या डोळ्यावर आणली. आईनं त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या बोटांतून बाटली काढून घेतली आणि माझ्याकडे केली.

“तू नको टाकू बाबू,” ती म्हणाली. “चुकशीन. माह्यापाशी आता एकच हाय.”